पेटीत पुराचं पाणी शिरलंय, शालू उन्हात टाकू का?

पत्र: "मावशी, आम्ही बडोद्यात कारेलीबागेत तळमजल्यावर राहतो. परवा रात्री विश्वामित्री नदीचं पाणी घरात आलं, काल संध्याकाळी ओसरलं, आणि आजेसासूबाईंची लोखंडी पेटी आज सकाळी उघडली तर तळाला चार बोटं पाणी. आत त्यांचा लग्नातला लाल शालू, हिरवी पैठणी, दोन पांढऱ्या सुती नऊवारी, एक काश्मिरी शाल आणि आजेसासऱ्यांची पगडी. शालूचा लाल रंग पैठणीला लागलाय असं वाटतंय. शेजारच्या बेन म्हणतात तडक्यात, म्हणजे उन्हात टाका, नवरा म्हणतो हेअर ड्रायर लावू, एक जण म्हणालं मिठाच्या पाण्यात बुडवा म्हणजे रंग थांबेल. ड्रायक्लीनरकडे देऊ का? लाइट दुपारी आली, वर दीरांकडे एसी आहे. सासूबाई पुण्याला नणंदेकडे आहेत, त्यांना सांगायची हिंमतच होत नाहीये. काय करू?"

अगं, उन्हात नको, हेअर ड्रायर नको, मीठ तर अजिबातच नको, आणि ड्रायक्लीनरकडे आत्ता नको. तुझं पत्र वाचल्या वाचल्या लिहायला बसलेय कारण तुझ्याकडे वेळ कमी आहे, पण जेवढा आहे तेवढा पुरेसा आहे.

वेळेचं गणित आधी समजून घे. कापड पूर्ण पाण्यात बुडालेलं असतं तोवर त्यावर बुरशी धरत नाही, बुरशीला हवा लागते. ओल्या कापडाला हवा लागली की आपल्या बडोद्याच्या या उकाड्यात दोन दिवसांत ती दिसायला लागते, कधीकधी त्याच्याही आधी. म्हणजे आजचा उरलेला दिवस, आजची रात्र आणि उद्याचा दिवस हे कामाचे. २०१९ च्या जुलैअखेरीला आणि २०२४ च्या ऑगस्टात आपल्याकडे पाणी भरलं तेव्हा मी बघितलंय, लोकांनी आधी सोफा, गाद्या, फ्रीज सगळं आवरलं आणि कपड्यांचं गाठोडं "नंतर बघू" म्हणून कोपऱ्यात ठेवलं, आणि नुकसान पाण्यापेक्षा त्या कोपऱ्यातल्या गाठोड्यात जास्त झालं. त्यामुळे घर आवरायचं काम दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात टाक आणि तू पेटीशी बस.

हातात रबरी ग्लोव्हज, तोंडाला मास्क. हे गटारमिश्रित पाणी आहे, हाताला किंवा पायाला साधा ओरखडा असला तरी लेप्टोची, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची भीती असते. आणि काही हलवायच्या आधी मोबाइलवर फोटो काढ, पेटी जशी आहे तशीच. कुठलं कापड कशाला टेकलेलं होतं हे नंतर डाग बघताना फार उपयोगी पडतं.

आता पहिलं काम वेगळं करायचं, वाळवायचं त्यानंतर. लोक नेमकं उलटं करतात, सगळं ओलं घेऊन वाळत घालायला धावतात आणि लाल रंग सगळ्या गावाला लागतो. शालू आणि पैठणी आधी एकमेकींपासून सोडव, पण ओढून नाही. ओलं रेशीम कोरड्या रेशमापेक्षा कमजोर असतं, लोकरीचंही तेच, सुताचं मात्र उलटं आहे, सुती धागा ओला झाला की थोडा जास्तच ताकदवान होतो. त्यात शालूला जरीचं वजन, वर पाण्याचं वजन. एका टोकाला धरून उचललास तर स्वतःच्या वजनानेच घडीवर फाटेल. जुनी मच्छरदाणी असेल ती काप, हाताने हळूहळू शालूच्या खाली सरकव, आणि दोघांनी चार कोपरे धरून मच्छरदाणीसकट उचला. कापडाला हात लावायचाच नाही असं समज, जे काही उचलायचं ते जाळीने. घड्या चिकटलेल्या असतील आणि सहज सुटत नसतील तर जबरदस्ती नको, तशीच राहू दे, ते काम नंतर जाणकाराचं.

मग रंगाची परीक्षा. पांढरा सुती रुमाल घे, धुतलेला, आणि पदराच्या आतल्या बाजूला, जिथे दिसणार नाही अशा जागी तो नुसता टेकव आणि बोटांनी दाबून धर, घासायचं नाही, मनात तीसपर्यंत मोज. उचलून उजेडात बघ. रुमालावर गुलाबी ठसा आला तर रंग सुटतोय. प्रत्येक रंगाला वेगळी परीक्षा कर, अंगाचा लाल वेगळा, काठाचा वेगळा, बुट्ट्यांमधला हिरवा किंवा निळा वेगळा, कारण एकाच साडीत एक रंग पक्का आणि एक कच्चा असं सर्रास असतं. लाल, किरमिजी, जांभळा, काळा यांच्यावर जास्त लक्ष ठेव.

रंग सुटत असेल तर त्या कापडाला अजून पाणी दाखवायचंच नाही. चिखल असला तरी. चिखल वाळल्यावर पुष्कळसा निघतो, रेशमात शिरलेला दुसरा रंग निघत नाही. मिठाचं जे सांगितलं ना कुणीतरी, ते घरोघरी चालतं हे मला माहीत आहे, मीठ, तुरटी, व्हिनेगर, पण कापडात बसलेला कच्चा रंग त्याने पक्का होत नाही आणि मिठातलं क्लोराइड जरीच्या चांदीला आणि तांब्याला खातं. जरीच्या कापडाजवळ मीठ आणायचं नाही हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेव.

रंग सुटत नाहीये असं ज्यांच्या बाबतीत नक्की झालं (तुझ्या दोन पांढऱ्या नऊवारी, कदाचित शाल) ती स्वच्छ गार पाण्याने खळबळून घ्यायची, चिखल ओला आहे तोवरच. नळाची धार थेट कापडावर नाही. गच्चीत नाहीतर अंगणात चार बाजूंनी विटा लाव, वर प्लास्टिकची ताडपत्री अंथर, झाला उथळ हौद. त्यात मच्छरदाणीवर ठेवलेलं कापड उतरव, पाणी हाताने हलकं हलवायचं, कापड नाही हलवायचं, गढूळ झालं की पाणी बदल. शेवटचं पाणी आरओचं वापरता आलं तर फार चांगलं, क्षार मागे राहत नाहीत. साबण, सर्फ, शॅम्पू, डेटॉल काहीपण नको. आणि ब्लीचची बाटली आत्ताच घराबाहेर ठेव, खरंच सांगते, पूर आला की लोक लादी धुवायला ती आणतात आणि तोच हात कपड्यांकडे जातो. ब्लीचमध्ये रेशीम आणि लोकर अक्षरशः विरघळतात. लोखंडी पेटी आहे म्हणजे गंजाचे डाग पण असतील, त्यांना आज हात लावू नकोस, लिंबू तर नकोच.

पांढऱ्या सुती नऊवारी सगळ्यात शेवटी घेतल्या तरी चालतील. त्या स्वच्छ पाण्यात बुडवून काही तास ठेव, पाणी बदलत राहा, त्यांना काही होणार नाही. तुझी पहिली गडबड शालू, मग पैठणी, मग शाल.

वाळवायचं कसं तर आडवं, पसरून, वर दीरांच्या खोलीत. दोरीवर नको, जिथे दोरी लागते तिथेच जरीच्या तारा तुटतात आणि सगळं पाणी खालच्या काठात उतरतं. खाली स्वच्छ पांढरे टॉवेल किंवा धुतलेली मांजरपाटाची चादर अंथर (नवा कोरा मांजरपाट नको, त्यात खळ असते), त्यावर शालू, आणि वरून पण एक पातळ पांढरं मलमलचं कापड टेकव, सगळीकडे नीट चिकटेल असं. हे वरचं कापड फार महत्त्वाचं आहे. ओलं आणि कोरडं जिथे भेटतं त्या रेषेवर पाण्यात विरघळलेला मळ, खळ, सुटलेला रंग सगळं येऊन बसतं आणि तपकिरी कड धरते, ती कड नंतर काढणं महाकठीण. पाणी वरच्या मलमलमधून उडालं तर ती कड मलमलवर धरते, शालूवर नाही. म्हणूनच ऊन नको म्हणते, उन्हात एक भाग दहा मिनिटांत कडक आणि घडीच्या आत ओलंच, कडा पडणारच, शिवाय रंग उडतो आणि जुनं रेशीम ठिसूळ होतं. हेअर ड्रायरचंही तेच, एकाच जागी गरम हवा. नवऱ्याचा हात अगदीच स्वस्थ बसत नसेल तर त्याला टॉवेल बदलायचं काम दे, पहिल्या काही तासांत खालचे वरचे टॉवेल भिजले की लगेच बदलायचे, दाबून पाणी टिपायचं, पिळायचं नाही. टर्किश टॉवेल पांढरेच हवेत, रंगीत नकोत, आणि वर्तमानपत्र तर चुकूनही नको, शाई लागते.

साडी लांब आहे, नऊ वार एका खोलीत सपाट मावणार नाही, मग पदर पूर्ण सपाट ठेव आणि बाकीची साडी सैल झोळ्यांमध्ये घाल, पण प्रत्येक थरामध्ये पांढरं कापड. जिथे रंग सुटतोय तिथे कापडाच्या खाली प्लास्टिक पण ठेव म्हणजे खालच्या थरात उतरणार नाही. ओलसर असतानाच बोटांच्या पोटाने उभे आडवे धागे हलके सरळ करून घे, काठ काठाला समांतर, कारण या अवस्थेत कापड ऐकतं आणि वाळल्यावर सुरकुती पक्की बसते. इस्त्रीचा विचार पण करायचा नाही, आज नाही आणि पुढच्या महिन्यात पण नाही.

खिडक्या उघडायच्या की नाही? पावसाळ्यात नाही. बाहेरच्या हवेतच एवढी वाफ आहे की तिने काही वाळत नाही. खिडक्या बंद, एसी ड्राय मोडवर, आणि टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून म्हणजे खोलीतली हवा फिरेल पण कापडावर थेट झोत येणार नाही. लाइट परत गेली तर मात्र सगळं उघड आणि आरपार वारा येऊ दे, तेवढ्यापुरतं.

आणि सगळं एकाच रात्री वाळवणं झेपणार नाही असं दिसलं, माणसं कमी, जागा कमी, तर फ्रीजर. हो, घरातलाच, वीज नक्की असेल अशा नातेवाइकाकडचा. शाल किंवा पैठणी बटर पेपरमध्ये सैल गुंडाळ, वर प्लास्टिकची पिशवी, पेन्सिलने चिठ्ठी लिहून बाहेर लाव, आणि फ्रीजरमध्ये एकावर एक न कोंबता ठेव. तिथे बुरशी वाढत नाही, रंग पसरत नाही, तुला आठवडे मिळतात, मग एकेक काढून शांतपणे वाळव. मोठ्या संग्रहालयांत पुरानंतर हेच करतात, फक्त त्यांचे फ्रीजर जास्त थंड असतात. ४ नोव्हेंबर १९६६ ला इटलीत फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदी शहरात शिरली, संग्रहालयं आणि ग्रंथालयं चिखलात, त्या चिखलात घरं गरम ठेवायचं तेल मिसळलेलं, आणि जगभरातून तरुण मुलं ते उपसायला आली होती. भिजलेल्या वस्तूंचं काय करायचं हे शास्त्र म्हणून नीट उभं राहिलं त्यात त्या पुराचा मोठा वाटा आहे. मणी, टिकल्या, रंगकाम असलेलं काही असेल तर ते फ्रीजरमध्ये नको. शालूही शक्यतो नको, तो आजच पसर.

आता जरीबद्दल, कारण उद्या सकाळी तू घाबरशील. आजेसासूबाईंच्या काळातली खरी जर असेल तर ती म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार आणि त्यावर सोन्याचा मुलामा. पुढे तांब्याच्या तारेवर चांदीचं पाणी दिलेली जर आली, सुरतेत अजूनही बनते. गटाराच्या पाण्यात गंधक असतं, त्याने चांदी काळवंडते, आणि तांबं असेल तर हिरवट होतं. तेव्हा सकाळी काठ काळसर दिसला तर तो चिखल आहे असं समजून घासायला जाऊ नकोस. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, भांडी चमकवायचं पॉलिश यातल्या कशानेही काळेपणा जाईल पण त्याबरोबर सोन्याचा मुलामा पण जाईल, तो इतका पातळ असतो की एकदा घासला की संपला. काळवंडलेली जर तशीच ठेवून ती आणखी काळी होणार नाही एवढी काळजी घेणं जास्त शहाणपणाचं आहे. माझं तर मत आहे की शंभर वर्षांच्या जरीने नव्यासारखं चमकावं ही अपेक्षाच सोडावी.

पगडीचं वेगळं. तिच्या आत पुठ्ठा किंवा खळीने चिकटवलेलं कापड असतं, ते ओलं झालं की बसतं, आणि बसलेल्या आकारात वाळलं की संपलं. त्यामुळे तिला उचलायचं नाही. खालून एक ताट सरकव, जागच्या जागी आतून मच्छरदाणीचे सैल गोळे भर, अगदी हलके, आकार धरून राहील इतकेच, घट्ट नाही. बाहेरून घड्या बोटाने सावरून घे आणि ताटासकट त्याच खोलीत ठेव. गोळे ओले झाले की बदल. पगडीला दोन तीन दिवस लागतील, वरून कोरडी वाटली तरी आत ओल असते.

शाल पिळू नकोस, लटकवू नकोस, टॉवेलमध्ये गुंडाळून हाताने दाब आणि मग पसर. लोकर ओली असताना चोळली की जाड होऊन आकसते, आणि ते परत सुटत नाही.

ड्रायक्लीनरचं का नको म्हणते ते पण सांगते. तिथे सॉल्व्हंटमध्ये कापड मशीनमध्ये फिरतं आणि नंतर गरम हवा. नव्या साडीला चालतं, जुन्या जरीच्या रेशमाला तो पिळवटा झेपत नाही, आणि ओला चिखल त्या सॉल्व्हंटने निघतही नाही.

सासूबाईंना आजच फोन कर, व्हिडिओ कॉलच कर. तू त्यांच्यापासून लपवलंस आणि त्यांना दिवाळीला पेटी उघडल्यावर कळलं तर ते दुःख मोठं असेल, हे तर आहेच. पण मला त्यांची माहिती पण हवी आहे. शालूचा रंग पूर्वी कधी सुटला होता का, काठ कधी बदलून घेतलाय का, पदराला आतून अस्तर लावलंय का, जर खरी आहे का, कुठे आधीच विरलाय, हे सगळं त्यांना तोंडपाठ असणार आणि तुला तपासून कळायला दिवस लागतील. "आई, पेटी भिजली, मी काढतेय, पण मला तुमची मदत लागेल," एवढंच म्हण. रडल्या तर रडू दे. बहुतेक पाच मिनिटांनी त्याच तुला सांगायला लागतील की पैठणी कुठे धरायची.

वाळल्यावर लगेच पेटीत नको. पुढचे दोन तीन आठवडे मोकळ्या खोलीत, पांढऱ्या कापडाखाली, आणि दर दोन दिवसांनी वास घेऊन बघ. करडे, पांढरे, हिरवट ठिपके दिसले आणि ते मऊ, ओशट असतील तर बुरशी जिवंत आहे, झटकायची नाही, पुसायची नाही, ते कापड लगेच बाकीच्यांपासून दूर. तेच ठिपके कोरडे भुकटीसारखे असतील तर बाहेर गॅलरीत, मास्क लावून, व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला जाळी बांधून सगळ्यात कमी जोरावर ओढून घ्यायचे. डांबरगोळ्या आणि अत्तराने वास झाकू नकोस.

रंग उतरलेली पैठणी, काळी पडलेली जर आणि गंजाचे डाग, या तिन्ही गोष्टी घरी सोडवायच्या नाहीत. बडोद्यात असून आपण विसरतो की आपल्या एमएस युनिव्हर्सिटीत म्युझिऑलॉजीचा, म्हणजे संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ पासून आहे आणि क्लोदिंग अँड टेक्स्टाइल्सचाही विभाग आहे, तिथे जाऊन विचार की जुन्या वस्त्रांचं कॉन्झर्वेशन, म्हणजे जतन करणारं कोण विश्वासाचं आहे. लखनौला राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा आहे, एनआरएलसी म्हणतात, हे याच विषयाचं सरकारी केंद्र आहे. जाताना आज काढलेले फोटो आणि रंग टिपलेला तो रुमाल पण घेऊन जा.

आत्ता माझं उत्तर वाचून झालं की पहिल्यांदा मच्छरदाणी शोध. आणि उद्या सकाळी मला पदराचा फोटो पाठव, उलट्या बाजूचा, जवळून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता. जर चांदीवरची आहे की तांब्यावरची हे झिजलेल्या जागी बघून सांगता येतं, आणि पैठणीवर लागलेला लाल किती आत गेलाय ते पण उलट्या बाजूनेच कळेल.